पांढऱ्या लेबलाची बाटली

आमच्या घरात रिकामी बाटली टाकून द्यायची पद्धत नाही. जॅमच्या बाटलीत मोहरी जाते, कॉफीच्या बाटलीत तूरडाळ, आणि सासूबाईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या माझ्याबरोबर नर्सिंग स्कूलला जायच्या. जायच्या म्हणते, कारण आता जात नाहीत.

मी सिंगापुरात नर्सिंगच्या मुलींना हाताचं काम शिकवते. बेड लावणं, नाडी बघणं, जखम बांधणं, इंजेक्शन भरणं. स्वतः मिरजेला शिकले, मग मुंबईत वॉर्डात बारा वर्षं काढली. नवरा बोटीवर इंजिनिअर, त्याची कंपनी इथली, म्हणून इथे आलो. राहतो पासिर रिसला आणि स्कूल वन-नॉर्थजवळ, त्यामुळे एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, रोज जाता-येता भरपूर वेळ मिळतो. त्या वेळात मी इंग्रजी रहस्यकथा वाचते. नर्सिंग स्कूलमध्ये घडणाऱ्या तर शोधून शोधून वाचल्या. त्यांत बाहेर धुकं असतं, एक खाष्ट मेट्रन असते, कोणीतरी विद्यार्थिनी मरते आणि लंडनहून इन्स्पेक्टर येतो. शेवटी तो सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून कोणी काय केलं ते सांगतो. आमच्या स्कूलला दिवाणखाना नाही. पॅन्ट्री आहे, आणि तिथल्या मायक्रोवेव्हवर ‘मासे गरम करू नयेत’ अशी चिठ्ठी आहे.

बाटल्यांचं सांगते. इथे इन्सुलिन पेनमधून घेतात. पेनाने कोणी बाटलीतून औषध ओढायला शिकत नाही. सरावाच्या बाटल्या विकत मिळतात, पण तीस मुलींनी सुया खुपसल्या की आठवड्यात त्यांच्या रबराची चाळण होते. सासूबाईंचं इन्सुलिन मात्र अजून बाटलीतलं. नवरा मुंबईहून येताना बर्फाच्या थर्मासमधून घेऊन येतो. एक बाटली संपली की सासूबाई ती स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या एका वाडग्यात ठेवत. चार-पाच जमल्या की कोमट पाण्यात भिजत घालत आणि घासणीने लेबल काढत. लोणच्याच्या बाटलीचं काढतात तसंच. “तेवढाच माझा हातभार तुझ्या शाळेला,” म्हणायच्या. मग मी बाटल्या आतून सिरिंजने तीनदा धुवायची, डिस्टिल्ड वॉटर भरायची आणि पांढरं लेबल चिकटवायची: ‘फक्त सरावासाठी’. घरची औषधं स्कूलमध्ये आणू नयेत असा नियम होता. माझ्या मते रिकामी बाटली म्हणजे औषध नव्हे.

गेल्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी लातूर जिल्ह्यातली होती. वीस वर्षांची, बारीक, चटपटीत. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ही डबा खायच्या आधी न चुकता बाथरूमला जाते आणि येताना पोटावरचा कुडता नीट करते. वॉर्डात बारा वर्षं काढलेल्या बाईला याच्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही. मी तिला प्रॅक्टिकल रूममध्ये थांबवून घेतलं.

“डायबेटिस कधीपासून आहे?”

तिने आधी दाराकडे बघितलं. “अकरा वर्षांची होते मॅडम.”

“फॉर्मवर लिहिलंयस?”

“नाही.”

“का?”

“आई म्हणाली, नको लिहू. गावात पण कोणाला माहीत नाही. डॉक्टरकडे आम्ही सोलापूरला जातो, लातूरला नाही. कळलं तर मग माझं...” तिने हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं. “नर्स झाले की म्हणे कोण विचारतंय. स्वतःच्या पायावर उभी राहीन.”

मुलीचा आजार लपवणं आपल्याकडे नवीन नाही. मी मिरजेत फिट येणाऱ्या मुली मांडवापर्यंत तशाच नेलेल्या बघितल्यात. मी तिला चार शब्द सुनावले. पेनं कुठे ठेवतेस विचारलं, तर म्हणाली होस्टेलच्या फ्रिजमध्ये, शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, कारण तो डबा कोणी उघडत नाही. मी ऑफिसात काही बोलले नाही. मग ती अधूनमधून थांबून माझ्याशी मराठीत बोलायची. माझी मुलगी घरी मराठीत विचारलं तर इथल्या इंग्रजीत “okay lah” म्हणते, त्यामुळे मलाही ते बरं वाटायचं.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ते घडलं. जेवणाच्या सुट्टीत ती आणि तिची फिलिपिन्सची मैत्रीण प्रॅक्टिकल रूममध्ये सराव करत होत्या. स्पंजवर टोचून हाताला अंदाज येत नाही म्हणून दोघींनी ठरवलं की एकमेकींना टोचू. नुसतं पाणी तर आहे. असं करायला सक्त मनाई आहे आणि प्रत्येक तुकडीतल्या दोन-चार जणी ते करतातच. मीही केलं होतं. लातूरच्या मुलीने पांढऱ्या लेबलाच्या बाटलीतून अर्धा मिली ओढलं आणि मैत्रिणीच्या दंडात दिलं. तिची स्वतःची टोचून घ्यायची पाळी यायच्या आत घंटा झाली.

तासाभराने माझ्याच वर्गात ती फिलिपिन्सची मुलगी घामाने निथळायला लागली. मग काहीतरी असंबद्ध बोलली आणि खुर्चीवरून घसरली. मी पोचेपर्यंत लातूरची मुलगी तिच्याजवळ होती. तिने स्वतःच्या पिशवीतून साखर बघायचं मशीन काढलं होतं, बोट टोचून झालं होतं, आणि ती मोठ्याने म्हणाली, “थर्टी एट.”

अडतीस म्हणजे माणूस जायच्या बेतात. मी ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली, मुलगी गिळू शकत होती तोवर तिला साखरेचं पाणी पाजलं. बारा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. मुलगी वाचली. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये राहिली आणि पुढच्या सोमवारी वर्गात बसली.

पण त्या गोंधळात एका मुलीने विचारलं होतं, “हे मशीन कुठून आलं?” आणि मी लगेच म्हटलं होतं, “लॅबचं आहे.” लातूरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मशीन पिशवीत टाकलं. नंतर मी घटनेचा फॉर्म भरला. वेळ, लक्षणं, केलेले उपचार. रक्तातली साखर या रकान्यात मी अडतीस लिहिलं.

पोलीस एकदा येऊन गेले. दोघी मैत्रिणी, एकीने मागितलं दुसरीने दिलं, तक्रार कोणाची नाही, असं बघून त्यांनी ते स्कूलवर सोडलं. प्रिन्सिपलबाईंना मात्र ते पुरेसं नव्हतं, आणि स्कूलच्या विमा कंपनीलाही नव्हतं. कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसातला, पण आधी तीस वर्षं लंडनच्या पोलिसांत. खरोखरचा ब्रिटिश डिटेक्टिव्ह. मी इतकी पुस्तकं वाचली आणि शेवटी हा माझ्या पॅन्ट्रीत बसून बिनदुधाची कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होता. साठीचा, उंच, नाकाची सालं निघालेली. बोलायला अतिशय सभ्य. मला आवडला तो. वाईट याचंच वाटतं की मला तो आवडला.

बाटलीची तपासणी झाली होती. आत पाणी नव्हतं, इन्सुलिन होतं आणि बाटली जवळजवळ भरलेली होती.

“या बाटल्या कोण तयार करतं?” त्याने विचारलं.

“मी.”

“आत काय भरता?”

“डिस्टिल्ड वॉटर.”

“आणि बाटल्या कुठल्या?”

“वापरलेल्या. मिळतील त्या. तीनदा धुते.”

त्याने लिहून घेतलं. कोणत्या औषधाच्या, कुठून, हे मी सांगितलं नाही. नियमाचा भंग होता, हे एक. दुसरं म्हणजे मला खात्री होती. मी स्वतः रिकामी करते, स्वतः धुते. माझ्या हातून असं होत नाही. त्या दिवशी घरी जाऊन खिडकीतला वाडगा आणि फ्रिजमधला खोका बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी गेले, पोळ्या केल्या, सासूबाईंना इंजेक्शन दिलं, आणि बघितलं नाही.

तीन दिवसांनी त्याने मला पुन्हा बोलावलं. टेबलावर मी भरलेला फॉर्म होता आणि शेजारी लॅबमधली साखर बघायची सहाही मशीनं ओळीने मांडली होती.

“मॅडम, मला यातलं फार कळत नाही, म्हणून विचारतो,” तो म्हणाला. “ही मशीनं मी माझ्यावर लावून बघितली. मला पाच पूर्णांक सहा दाखवतात. प्रिन्सिपलबाईंना पाच पूर्णांक एक. मग अडतीस कसं आलं?”

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. इथली मशीनं वेगळ्या मापात मोजतात. इथल्या मापात ते दोनच्या जरा वर आलं असतं. अडतीस हे आपल्याकडचं माप. लातूरच्या मशीनवर अडतीस दिसलं, मिरजेत शिकलेल्या बाईला अडतीस कळलं, आणि दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं इथे शिकवूनही घाईत माझं डोकं मिरजेच्या मापात चालतं.

“भारतातलं मशीन होतं,” तो म्हणाला. “वर्गात भारतातून आलेल्या चौघी आहेत. कोणाचं, ते मी शोधून काढीन. तुम्ही सांगितलंत तर लवकर होईल.”

मी हिशोब केला. तो शोधणारच. शोधलं की इंजेक्शन देणाऱ्या मुलीकडेच इन्सुलिन असतं हे कळेल, आणि मग तिनेच मुद्दाम भरलं असं होईल. त्यापेक्षा आपणच नीट समजावलेलं बरं. म्हणून मी सगळं सांगितलं. तिचा आजार, चटणीचा डबा, आणि मुख्य म्हणजे तिचं इन्सुलिन पेनातलं आहे हे. एका पेनात तीन मिली असतं. दहा मिलीची ती बाटली भरायला तीन पेनं तरी रिकामी करावी लागतील, आणि तिच्याकडे महिन्याला दोनच असतात. जिला औषध संपलं तर मरण आहे, ती असं ओतून देणार नाही.

त्याने कागदावर गणित मांडलं आणि मान हलवली. “बरोबर आहे. तिचं नव्हे.” मग तो कागद फाइलला लावून म्हणाला, “तुम्ही माझं काम चांगलं केलं असतंत.”

दोन दिवस मी त्या वाक्यावर खूश होते.

तिसऱ्या दिवशी प्रिन्सिपलबाईंनी मला आणि त्या मुलीला एकत्र बोलावलं. फाइलमध्ये तिचा प्रवेशाचा फॉर्म होता. ‘दीर्घ मुदतीचा आजार आहे का?’ नाही. खाली सही. बाई स्पष्ट बोलल्या, कडवटपणे नाही. इंजेक्शनच्या बाबतीत तिच्यावर ठपका नाही. पण खोटी माहिती देऊन घेतलेला प्रवेश रद्द होतो, आणि प्रवेश रद्द झाला की इथे राहायचा स्टुडंट पासही रद्द होतो. दहा दिवसांत जावं लागेल.

मी म्हटलं, “मधुमेह असणाऱ्या कितीतरी नर्स आहेत.”

“आहेत की,” बाई म्हणाल्या. “आपल्या तिसऱ्या वर्षाला एक आहे. हिने लिहिलं असतं तरी आपण घेतलीच असती.”

बाहेर आल्यावर मुलीने मला विचारलं, “तुम्ही सांगितलंत?”

“हो. तुला वाचवायला.”

“हो,” ती म्हणाली. “घरी आता कारण काय सांगू?”

मी म्हटलं बघू. बघण्यासारखं काही नव्हतं. मी अर्ज केला, दोन ठिकाणी फोन केले, दुसऱ्या स्कूलमध्ये विचारलं. सगळीकडे एकच प्रश्न: आधीचा प्रवेश का रद्द झाला?

तिचं विमान शनिवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंची बाटली संपली म्हणून मी फ्रिजच्या दारातला खोका काढला. आत एकच उरली होती.

“आई, इथे दोन होत्या ना?”

सासूबाई मेथी निवडत होत्या. “एकच होती.”

“दोन होत्या. मी मोजल्यात.”

“असेल मग.” त्यांनी दोन काड्या निवडल्या. “अगं, मागे एकदा तू नवी फोडलेली टेबलावरच राहिली होती. तू कामावर गेलीस आणि मी दुपारी बघितली. दिवसभर उन्हात. खराबच झाली असणार म्हणून खोक्यातली दुसरी फोडून ठेवली.”

“मग ती कुठे टाकलीत?”

“टाकते कशाला? तुझ्या वाडग्यात ठेवली. रिकाम्यांच्यात. लेबल काढून दिलं होतं की तुला.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू ओरडतेस,” त्या म्हणाल्या. अगदी साधेपणाने, मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मी ओरडते हे खरं आहे. एक दिवस बाहेर राहिल्याने इन्सुलिनला काही होत नाही, हेही खरं आहे. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. ते इन्सुलिन दिसायला पाण्यासारखंच असतं. त्या दिवशी लेबल निघालेल्या पाच बाटल्या ओट्यावर होत्या, एक आधीच भरलेली दिसली. मी धरून चालले की ही आपण भरली, मधे फोन आला असेल, आणि तिच्यावर पांढरं लेबल चिकटवलं.

हे मला पहिल्याच दिवशी कळू शकलं असतं. ‘बाटल्या कुठल्या?’ याचं खरं उत्तर दिलं असतं तर तो इंग्रज त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आला असता, वाडगा बघितला असता, सासूबाईंना विचारलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. मशीनं ओळीने मांडायची त्याला गरज पडली नसती. अडतीसचा आकडा फाइलमध्ये पडून राहिला असता.

शुक्रवारी सकाळी मी प्रिन्सिपलबाईंना जे घडलं ते लिहून दिलं आणि खाली राजीनामा जोडला. इंग्रजालाही फोन केला. तो “धन्यवाद,” म्हणाला. “मी अहवालात दुरुस्ती करतो.” मी विचारलं, या दुरुस्तीने मुलीचं काही होईल का? तो म्हणाला, “मॅडम, ते आता माझ्या अहवालात नाहीच आहे. ते तिच्या फॉर्मवर आहे.”

बाईंनी राजीनामा परत केला. प्रॅक्टिकल शिकवणारं माणूस सहज मिळत नाही. मला ताकीद देणारं पत्र मिळालं आणि सरावाच्या बाटल्या विकत आणायचा निर्णय झाला. बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं. तीच खोली, तोच स्पंज, आणि मी.

शनिवारी मी विमानतळावर गेले. पेनांसाठी बर्फाची पिशवी नेली होती. तिच्याकडची फाटकी होती. ती एकटीच होती. फिलिपिन्सच्या मैत्रिणीची राहिलेली प्रॅक्टिकल परीक्षा त्या दिवशी होती. मी उभ्या उभ्या तिला बाटलीचं सगळं सांगितलं. सासूबाई, टेबल, वाडगा, लेबल. तिने नव्या पिशवीची चेन लावून बघितली, उघडून बघितली.

“त्या दिवशी तुम्ही मशीन लॅबचं म्हणालात ना मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “तेव्हा मी सांगणारच होते, माझं आहे म्हणून. तोंड उघडलंच होतं. मग वाटलं, मॅडमना जास्त कळतं.”

मी तिची जुनी, फाटकी पिशवी तिच्या हातातून घेतली.

“आजींना सांगितलंत?” तिने विचारलं.

“काय?”

“त्यांच्या बाटलीने झालं म्हणून.”

“नाही अजून.”

“नका सांगू. त्यांना काय माहीत.” तिने बॅग उचलली. “घरी मी सांगणार आहे, तिथलं हवामान सोसलं नाही.”

ती आत गेली. वर्षभरात तिचा एकच निरोप आला, लग्न ठरल्याचा. त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘त्यांना सांगितलेलं नाही. आई म्हणते नंतर बघू.’ मी दोनदा लिहिलं की सांग, हे धोक्याचं आहे, औषध चोरून घेत किती दिवस काढशील. संदेश वाचल्याची खूण दिसते. उत्तर नाही.

सासूबाईंना मी सांगितलं नाही. स्कूलला आता बाटल्या लागत नाहीत एवढं म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. आजही चार बाटल्या जमल्या की त्या कोमट पाण्यात भिजत घालतात, लेबल घासून काढतात आणि खिडकीत उपड्या घालून ठेवतात. “लागतील तेव्हा असू देत,” म्हणतात. मी एकेक उजेडात धरून रिकामी आहे ना बघते, रुमालात गुंडाळते आणि कामावर जाताना खाली कचऱ्यात टाकते.